निजवलेला उंबरठा

आमच्या घरमालकांचं जगात एकाच वस्तूशी वैर होतं. ती म्हणजे उंबरठा. विंचवाशी त्यांचं जमायचं, अस्वलाशी एकदा जमलं होतं असं ते स्वतःच सांगायचे, आणि जंगल खात्यातल्या तऱ्हेतऱ्हेच्या साहेबांशी जमवून घेत त्यांनी अख्खी नोकरी काढली होती. पण कुणाच्या घरी गेले आणि दारात उंबरठा आडवा आला की यांच्या कपाळाला आठ्या पडल्याच. पाऊल उचलून पलीकडे टाकताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचे. पहिल्यांदा मला वाटलं, देवाचं नाव घेताहेत. कसलं देवाचं नाव. शिव्या होत्या त्या.

"जंगलात लाकूड आडवं कायले टाकते, मास्तरीनबाई?" मी खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला हा पहिला प्रश्न विचारला. माझी ट्रंक अजून बैलबंडीतून उतरायची होती.

"मला काय माहीत," मी म्हटलं.

"गाडीवाट बंद कराले. कोनाची गाडी येऊ नये म्हून. आन् हे लोक सोताच्या दारात आडवं लाकूड टाकते, आन् मंग म्हणते, लक्ष्मी काऊन येत नाई."

मी अमरावतीहून सिंदेवाहीला मुलींच्या शाळेत बदलून आले होते. पन्नास साल उलटून थोडाच काळ झाला होता. एकटी बाई म्हणून मला खोली द्यायला लोक कां-कूं करत होते आणि जिथे देत होते तिथे भिंतींना ओल होती. शाळेतल्या शिपायानं सांगितलं, भाऊंकडे कोरडी खोली आहे, पण माणूस जरा येडपट आहे. मी म्हटलं, येडपट चालेल, ओल नको. हा माझा स्वभाव. मला पटकन राग येतो आणि मी निर्णयही तितक्याच पटकन घेते, आणि या एका निर्णयाचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

भाऊंची खोली कोरडी असण्याचं कारण म्हणजे त्यांची जमीन. साऱ्या गावात शेणानं सारवलेल्या जमिनी, आणि या माणसानं आपल्या घरात चक्क लाकडाच्या फळ्या अंथरल्या होत्या. लाकूड डेपोत ओंडके मोजण्यात आणि त्यांच्यावर हातोड्यानं शिक्का उमटवण्यात त्यांचा जन्म गेला. नोकरी सुटल्यावर त्यांनी रीतसर पास काढून ऐनाचं लाकूड आणलं, चिरवलं, रंधलं आणि पुढच्या मोठ्या खोलीत आणि माझ्या खोलीत ठोकलं. सागवान का नाही म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "सागवानाची सारे तारीफ करते. ऐन बिचारा घरचा मानूस आहे, त्याले कोनी पुसत नाई." शेजारी त्यांना हसायचे. भाऊच्या घरात डोंगा पसरला म्हणायचे. डोंगा म्हणजे तिकडची लाकडी नाव. भाऊंना या थट्टेचं काही वाटत नसे, कारण पावसाळ्यात हसणाऱ्यांच्या घरी चपला बुरशी धरायच्या आणि यांच्या घरी धरत नव्हत्या.

पण घराचा मागचा भाग भाऊंच्या राज्यात येत नव्हता. तिथे स्वयंपाकघर होतं आणि ते बाईंचं होतं. बाई म्हणजे भाऊंच्या मंडळी. गावात सगळे त्यांना बाईच म्हणत, म्हणून मीही म्हणे. नागपूरला कुणा नातेवाइकाकडे त्यांनी नक्षीची फरशी पाहिली आणि परत आल्यावर सांगून टाकलं की तुमच्या लाकडावर मी चूल मांडणार नाही, मला फरशी पाहिजे. मग लाल आणि दुधी फुलांच्या सिमेंटच्या फरश्या भाताच्या तणसात गुंडाळून छोट्या रेल्वेनं नागपूरहून आल्या. त्यातली एकही फुटली नव्हती हे बाई मला अनेकदा सांगत. पुढे भाऊंचं लाकूड, मागे बाईंची फरशी, आणि दोन्हीच्या मधात भाऊंच्या आजोबांच्या वेळचा उंच काळा उंबरठा. तो काढायला भाऊ केव्हापासून टपले होते, पण बाई त्याला हळदकुंकू वाहायच्या. बाईंच्या अंगाला हात लावायची भाऊंची छाती नव्हती, तशी उंबरठ्याला लावायचीही नव्हती.

भाऊंच्या खिशात कायम एक सागरगोटा असायचा. बाईंनी लहानपणी खेळून खेळून गुळगुळीत केलेला, माहेरून आणलेला. कुणाकडेही गेले की भाऊ बसायच्या आधी तो जमिनीवर सोडायचे आणि मान तिरपी करून ऐकायचे. तो कुठे वळतो, कुठे अडतो, कुठे टक् वाजतो, यावरून त्या घराविषयी त्यांचं मत ठरे. देवळातही सोडायचे. लग्नाच्या मांडवातही. एकदा एका मयताच्या घरी सोडला तेव्हा मी तिथे होते. मी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की त्यांनी तो मुकाट उचलून खिशात टाकला.

आमच्या शाळेची तपासणी होती, तेव्हाची गोष्ट तर विसरणं शक्य नाही. चांद्याहून, म्हणजे आताच्या चंद्रपुराहून, इन्स्पेक्टर साहेब आले होते. मुली कविता म्हणत होत्या, मी घामाघूम झाले होते, आणि एवढ्यात मागच्या दारानं सागरगोटा घरंगळत आला. मुलींच्या रांगांमधून वाट काढत तो थेट साहेबांच्या खुर्चीखाली जाऊन थांबला. पाठोपाठ भाऊ.

"साहेब," ते हात जोडून म्हणाले, "तुमची खुर्ची उतारावर आहे. म्हून सकाळपासून तुमी घसरून राह्यले."

मुलींची कविता अर्ध्यावर राहिली. मी जागच्या जागी मेले. साहेब एकदम म्हणाले, "अहो खरंच. मी म्हणतोय, आज मला बसवत का नाही." भाऊंनी खिशातून लाकडाच्या दोन पाचरी काढल्या, खुर्चीच्या पुढच्या पायांखाली सारल्या, साहेबांना बसवून पाहिलं आणि निघून गेले. शाळेला शेरा उत्तम मिळाला. तरी मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही, याचा मला जास्त राग आला.

बाईंचं माहेर सावलीकडे, वैनगंगेच्या काठाला. ढिवराच्या घरची लेक. बाप मासेमारी करायचा आणि बाई लहानपणी त्याच्या डोंग्यावर वाढलेल्या. भाऊंपेक्षा उंच, भाऊंपेक्षा रुंद, आणि आवाज असा की नदीच्या या काठावरून त्या काठावरच्या माणसाशी बोलायची सवय असलेला. नवराबायकोचं रोज सकाळी भांडण व्हायचं. विषय कोणताही चाले. आंघोळीचं पाणी, कोंबडीनं घातलेलं अंडं, मेलेल्या मावसभावाचं खरं वय. मला पहिल्या आठवड्यात वाटलं, हे घर सोडावं. दुसऱ्या आठवड्यात कळलं की बाई भांडताना भाऊंच्या ताटात तूप वाढत असतात. गल्लीतल्या बायका बाईंचा आवाज चढला की चुली पेटवत.

मग एका माघात बाई माहेराहून परत येताना बैलगाडीचं चाक खड्ड्यात गेलं, गाडी कलंडली आणि बाई खाली आल्या. खुब्याचं हाड मोडलं. चांद्याच्या डॉक्टरनं पाहिलं आणि सांगितलं, आता उभं राहणं होणार नाही.

भाऊ चार दिवस बाईंच्या उशाशी बसून होते. पाचव्या दिवशी त्यांनी एक रुंद पाट घेतला आणि त्याला तिवसाच्या लाकडाची चार लहान चाकं बसवली. तिवस म्हणजे बंडीच्या चाकांचं लाकूड, तुटता तुटत नाही. पाटावर गोधडी घातली आणि बाईंच्या हातात दोन ठोकळे दिले. जमिनीवर ठोकळे रेटायचे की गाडी पुढे. बाईंनी लहानपणी डोंगा वल्हवलेला. दोन दिवसांत पुढच्या खोलीत त्यांची गाडी अशी फिरू लागली की मी पाय वर घेऊन बसायची. लाकडाची जमीन होती म्हणून ते जमलं. शेणाच्या जमिनीवर ती चाकं रुतून बसली असती.

अडचण एकच होती. उंबरठा.

"मी उचलून पलीकडे ठेवतो तुले," भाऊ म्हणाले.

"मी काय ओंडका आहे, उचलून ठेवाले?" बाई म्हणाल्या. "जाईन तं माह्या हातानं जाईन. नाई तं नाई जात."

मी म्हटलं, मी आणि भाऊ मिळून धरतो. बाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुन्हा तो विषय काढला नाही. बाई पुढच्या खोलीत राहिल्या आणि त्यांचं स्वयंपाकघर दहा हातांवर त्यांच्याविना उघडं पडलं.

भाऊ स्वयंपाक करायला लागले. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण मी तो खाल्ला आहे. वरणात पाणी एकीकडे जायचं आणि डाळ एकीकडे. सुरुवातीला बाई या खोलीतून त्या खोलीत हुकूम सोडायच्या. हळद टाका, आता टाकू नका, जाळ कमी करा, अवो जाळ म्हटलं मी, झाकण नाई म्हटलं. आम्हा दोघांना तेवढंच बरं वाटायचं. मग हुकूम कमी झाले. मग एखाददुसरा. बाई खिडकीजवळ गाडी नेऊन बसायच्या आणि समोरच्या बाभळीकडे बघत राहायच्या.

एके दिवशी भर वर्गात भाऊ शाळेच्या दारात येऊन उभे. सागरगोटा नव्हता हातात. मी बाहेर गेले.

"आज मी भाजीत मीठ दोनदा टाकलं," ते म्हणाले. "मुद्दाम टाकलं."

"मग?"

"तिनं खाल्ली. काईच नाई बोलली." त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. "मास्तरीनबाई, मानूस भांडनं सोडते ना, तं मंग तो जाते. माह्या मायचं असंच झालं होतं. मी पाह्यलं आहे."

मी त्यांना धीर द्यायला काहीतरी बोलले असेन. ते ऐकत नव्हते. वळले आणि सरळ घरी गेले. संध्याकाळी मी परतले तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उंबरठा नव्हता. पहारीनं उखडून अंगणात टाकला होता.

गल्लीत बोंब झाली. समोरच्या घरी भाऊंची थोरली बहीण राहायची, आक्का. एवढीशी म्हातारी, पण तिला पाहून भाऊ विडी विझवायचे. ती तरातरा आली.

"घराचा उंबरठा उखडते का कोनी? आबानं बसवला होता तो. घरात बाई पडली आहे आन् तू हे करून राह्यला?"

"तिच्यासाठीच केलं, आक्का."

"तिले विचारलं?"

भाऊंनी हातातली पहार भिंतीला टेकवली. बाई गाडीवर बसून सगळं पाहत होत्या, पण बोलल्या नाहीत. आक्कानं तो काळा ओंडका आपल्या गड्याकरवी उचलून आपल्या घरी नेला आणि देवाजवळ ठेवला. उंबरठा उखडणाऱ्या भावाचा भरवसा नाही, उद्या जाळेलही, असं ती मला जाताना सांगून गेली.

भाऊ कामाला लागले. ऐन उन्हाळा होता. फरशी लाकडापेक्षा दोन बोटं खाली होती, म्हणून त्यांनी दाराजवळच्या फरश्या उचलून खाली चुना-वाळू भरली आणि त्या वर आणल्या. मग फळ्या पुढे वाढवून फरशीला अगदी घट्ट भिडवल्या. इतक्या घट्ट की मधात नखसुद्धा जाऊ नये. त्यांना त्याचा कोण अभिमान. सागरगोटा लाकडावरून सोडला, तो फरशीवर गेला, कुठेही टक् वाजलं नाही. गल्लीतल्या दहा जणांना बोलावून त्यांनी तो प्रयोग करून दाखवला. मलाही दोनदा. बाई एवढंच म्हणाल्या, "मृगाच्या दिवशी जाईन." त्यांना ते ठरवावंसं वाटलं, हेच आम्हाला पुष्कळ होतं.

मृगाच्या आधीच पाऊस आला, आणि आला तो थांबेना. भाऊंनी आयुष्यभर लाकूड मोजलं, पण मोजलं ते डेपोच्या उघड्या आवारात. तिथे ओंडका फुगला काय आणि आटला काय, त्याच्या शेजारी दुसरा ओंडकाच असतो, तो सरकून जागा देतो. फरशी जागा देत नाही. ऐन पोटभर पाणी प्यायला, फळ्या फुगल्या, आणि बाईंची दुधी फुलाची फरशी दारात कडेनं वर उचलली गेली. आम्हाला कुणालाच ते दिसलं नाही. ढगांमुळे घरात अंधार होता.

मृगाच्या दिवशी बाई नवं लुगडं नेसल्या. आक्काही आली होती. बाईंनी ठोकळे रेटले, गाडी लाकडावरून छान गेली आणि दारात पुढचं चाक उचललेल्या फरशीला आपटलं. गाडी उलटली. बाई कुशीवर पडल्या.

त्यांना फार लागलं नाही. पण त्यांनी आम्हाला उचलू दिलं, हे मला पडण्यापेक्षा वाईट वाटलं. गाडीवर बसवल्यावर त्या म्हणाल्या, "उंबरठा उखडला, मंग असंच होईन." आणि खिडकीकडे गेल्या.  भाऊंनी त्या दिवशी सागरगोटा खिशातून काढून कोनाड्यात ठेवला. मी माझ्या खोलीत जाऊन रडले. सांगायला लाज कसली, रडले.

नंतर भाऊंनी दुसरं टोक गाठलं. फळ्या बोटभर कापल्या, उचललेली फरशी बसवली आणि लाकूड आणि फरशीमधे मोकळी फट ठेवली. "दोघांचं जमवाचं तं मधात जागा सोडा लागते," ते मला म्हणाले. शहाणपण आलं होतं, पण त्या जागेत चाक अडकत होतं, मुंग्या राहायला आल्या होत्या आणि माझा अंगठा दोनदा ठेचकळला होता. मग ते चुना कालवून फट भरायला बसले. भरली की दोन दिवसांत चिरा पडून चुना निखळायचा. परत भरायचे. परत निखळायचा. बाई खिडकीशी बसून रोज पाहत होत्या. एका दुपारी भाऊ असेच थापी घेऊन गुडघ्यांवर बसले होते. मी तांदूळ निवडत होते.

"काय करून राह्यले तुमी?"

आवाज इतक्या दिवसांनी आला की मी आधी दाराबाहेर पाहिलं.

"फट भरून राह्यलो," भाऊ मान वर न करता म्हणाले.

"चुना भरते का कोनी फटीत? माह्या बापानं डोंग्यात चुना भरला असता तं आमी सारे वैनगंगेच्या तळाशी असतो. लाकूड हालते. हालते त्याच्या फटीत नरम भरा लागते. सावरीचा कापूस, राळ आन् जवसाचं तेल. एवढी नोकरी केली लाकडाची, एवढंही समजत नाई? डोकसं आहे का मडकं आहे? आन् ते चुन्याचं बोट धोतराले काऊन पुसून राह्यले, ते मीच धूत होतो ना इतके साल?"

भाऊंनी थापी खाली ठेवली आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की काय करत होते, मी नाही सांगणार. मी तांदळाचं सूप तसंच ठेवून राळ आणायला बाजारात पळाले.

पुढचे दिवस आमच्या घराला राळेचा आणि जवसाच्या तेलाचा वास होता. शेगडीवर राळ वितळवली, तेल घातलं, सावरीचा कापूस पिंजून त्यात भिजवला आणि त्याच्या वाती वळल्या. फटीत त्या ठोकून बसवायचं काम बाईंनी स्वतः केलं. आम्हाला त्यासाठी वाकावं लागलं असतं, त्या बसलेल्याच होत्या. एका हातात बोथट पटाशी, एका हातात ठोकळा. ठोकता ठोकता भाऊंना शिव्या. भाऊ राळ पुढे करत होते आणि शिव्या ऐकत होते.

फट भरली. पण चाकाचा भार पडला की ते भरण दबायचं, कारण नरम ते नरमच. त्यावर लाकडाची रुंद पट्टी हवी होती, दोन्हीकडे उतरती, कासवाच्या पाठीसारखी. भाऊंनी नवी पट्टी रंधून पाहिली, ती दोन पावसांत वाकली. त्यांनी दुसरी केली, तीही वाकली. मग ते हात मागे बांधून घरात फेऱ्या घालू लागले.

"जुनं लाकूड पाह्यजे," ते शेवटी म्हणाले. "पानी पिऊन पिऊन थकलेलं. जे आता हालत नाई असं."

बाई म्हणाल्या, "आक्काकडे आहे ना."

भाऊ जागीच थांबले. आयुष्यभर ज्या लाकडाला शिव्या घातल्या, तेच मागायला जायचं होतं. मी त्यांच्यासोबत गेले, कारण मला ते चुकवायचं नव्हतं. आक्का तुळशीजवळ बसली होती. भाऊंनी आडवळणानं बरंच बोलून पाहिलं. पाऊस, भाव, तब्येत. आक्का म्हणाली, "काय पाह्यजे ते बोल."

"उंबरठा."

"जाळाले?"

"लावाले."

आक्कानं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. मग म्हणाली, "आधी त्याच्या पाया पड."

माझ्यासमोर त्या माणसानं देवघरात जाऊन त्या काळ्या ओंडक्यासमोर डोकं टेकवलं. मी हसू दाबायला पदर तोंडात कोंबला होता. ओंडका खांद्यावर घेऊन परत येताना ते मला म्हणाले, "कोनाले सांगू नका." मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आता सांगते आहे.

त्या उंबरठ्याच्या पोटातून त्यांनी एक पट्टी काढली. आतलं लाकूड मधासारखं निघालं. लाकडाच्या बाजूनं उतार, फरशीच्या बाजूनं उतार, मधात जेमतेम फुगवटा. रंधा मारून मारून आणि राखेनं घासून ती अशी केली की हात ठेवला की घसरावा. खिळे मारले ते फक्त लाकडाच्या बाजूनं. फरशीची बाजू मोकळी सोडली, म्हणजे फळ्यांना फुगायचं असेल तर पट्टी फरशीवरून सरकेल, पण फरशी उचलणार नाही. आक्कानं हे पाहून पुन्हा हटकलं.

"एकाच अंगाले खिळे? आन् हा काय उंबरठा म्हनाचा? चपटा करून टाकला."

"काढला नाई, आक्का," भाऊ म्हणाले. "निजवला. आबाच्या वक्तापासून उभाच होता बिचारा."

या वेळी भाऊंनी कुणाला बोलावलं नाही, प्रयोग दाखवला नाही. पाऊस सरेपर्यंत ते रोज सकाळी उठून त्या पट्टीजवळ बसायचे, बोटानं चाचपायचे आणि उठून जायचे. फळ्या फुगल्या, पट्टी थोडी सरकली, फरशी जागची हलली नाही. बाईंना त्यांनी जा म्हटलं नाही. माझ्याही तोंडावर आलेलं मी गिळलं. बाईंनी सागरगोटा कोनाड्यातून मागून घेऊन गोधडीत ठेवला होता, एवढं मी पाहिलं होतं.

दिवाळीच्या आधीची एक साधी सकाळ होती. मी खोलीत वेणी घालत होते. भाऊ ओट्यावर बसून दातांना राखुंडी लावत होते. चाकांचा आवाज आला, लाकडावरून जातानाचा, घरघर. मी फणी तशीच हातात धरून ऐकत राहिले. घरघर दारापर्यंत गेली आणि बंद झाली. मला वाटलं, अडली. मी उठून बाहेर आले.

गाडी अडली नव्हती. फरशीवर चाकांचा आवाजच होत नव्हता. बाई पलीकडे होत्या. चुलीसमोर, पाठमोऱ्या, आपल्या लाल-दुधी फुलांवर. एक हात त्यांनी फरशीवर सपाट टेकवला होता. मी हाक मारली नाही.

मग भांडी वाजू लागली. आधी एक, मग बरीच, आणि मग तो आवाज.

"मिठाची बरनी इथी कोनं ठेवली? हे काय केलं सैपाकघराचं? तव्याले गंज चढला आहे का नाई पाहा. अवो, झाऱ्याचा दांडा कुठी गेला? आन् या गाडग्यात काय आहे, याले काय म्हनाचं? मी काय मेली होतो का, म्हून घराचा असा उकिरडा केला?"

गल्लीतल्या सगळ्या चुली त्या दिवशी एकदम पेटल्या असतील. भाऊ ओट्यावरच होते. तोंडात राखुंडी, डोळ्यांना धार लागलेली, आणि सगळे दात दिसताहेत. रस्त्यानं धान घेऊन चाललेला एक गाडीवान थांबला, त्याला ते म्हणाले, "आयकून राह्यला ना?" तो म्हणाला, "भांडन होऊन राह्यलं का, भाऊ?" भाऊ म्हणाले, "होऊन राह्यलं, बापा, होऊन राह्यलं."

आक्का धावत आली. दारात आली, आत पाहिलं, आणि तशीच परत गेली. आली ती हळदकुंकवाची कोयरी घेऊन. त्या निजवलेल्या उंबरठ्यावर हळदकुंकू वाहायला तिला पूर्वीपेक्षा बरंच खाली वाकावं लागलं. वाकताना कण्हली, पण वाहिलं. आतून बाईंनी तिला बसायला सांगितलं आणि लगेच वांग्यात झिंगे घालू का नुसतंच करू म्हणून विचारलं. त्या दिवशी मी शाळेत उशिरा गेले. वांग्यात झिंगे असताना शाळा काय पळून जाते?

"अवो," आतून हाक आली, "बाहेर बसून दात काय काढून राह्यले? पानी आना."

आणि हाकेमागून सागरगोटा आला. फरशीवरून, पट्टीवरून, लाकडावरून, सरळ ओट्याच्या दारापर्यंत. भाऊंनी मान तिरपी केली होती.

"वाजला?" त्यांनी मला विचारलं.

"नाही वाजला," मी म्हटलं.

त्यांनी तो उचलून खिशात टाकला, घागर घेतली आणि विहिरीवर गेले. परत आले तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशी आल्यावर त्यांचं पाऊल आपोआप वर गेलं, पूर्वी उंच उंबरठ्यावरून टाकायचे तसं. कुंकू पुसू नये म्हणून त्यांनी ते जपून पलीकडे टाकलं आणि सवयीनं काहीतरी पुटपुटले. मी अगदी मागेच होते, म्हणून कान देऊन ऐकलं.

शिव्या नव्हत्या त्या.